टिपणिसांचा जिताडा

माशाच्या बाबतीत नंदकिशोर टिपणीस कुणाचं ऐकत नसत, आणि बाकी कुठल्याही बाबतीत त्यांचं कुणी ऐकत नसे. वाशीच्या त्या सोसायटीत ही वाटणी सगळ्यांना मान्य होती. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, गणपतीची वर्गणी, कशावरही टिपणिसांनी तोंड उघडलं की लोक घड्याळाकडे बघत. पण रविवारी सकाळी बाजारातून पिशवी घेऊन येणारा माणूस घरी जाण्याआधी टिपणिसांच्या दारात थांबे. टिपणीस चष्मा कपाळावर चढवत, माशाचा कल्ला उचलून आत बघत, पोट बोटानं दाबत, आणि म्हणत, "कालचा आहे." झालं. त्या माणसाला बायकोसमोर पिशवी ठेवायची हिंमत होत नसे.

कायस्थाचं पोर मासा आणि माणूस डोळ्यात बघून ओळखतं, असं त्यांचं म्हणणं. माणसांच्या बाबतीत त्यांचा अंदाज जन्मभर चुकत आला होता, त्याला पुरावे आहेत, पण ते असू देत. माशाच्या बाबतीत मात्र चुकला नव्हता, आणि एवढ्या एका गोष्टीवर माणूस ताठ मानेनं जगू शकतो.

नोकरीनं त्यांना ताठ मान दिली नव्हती. ते सरकारात होते, पण आकडेवारीच्या खात्यात. आता आकडेवारीकडे कुणाचं काय अडतं? महसुलातल्या माणसाकडे लोक हात जोडून येतात, बांधकामातल्या माणसाकडे आंब्याच्या पेट्या येतात. टिपणिसांच्या टेबलावर आजवर बाहेरून काही आलंच असेल तर ती धूळ. आणि त्या सगळ्या मुलखात साहेबाचं मोठेपण कशावर मोजत असतील तर ते जिताड्यावर. खाडीकाठच्या गावांतून तळ्यात वाढवलेला हातभर लांबीचा, चांदीच्या अंगाचा जिताडा. काम अडलं की तो उचलायचा, साहेबाच्या घरी पोचवायचा, दोन दिवसांत कागद हलतो. कुणाकडे वर्षात किती जिताडे येतात यावरून त्याची खुर्ची किती वजनदार ते कळे. टिपणिसांकडे एकही आला नव्हता. ते स्वतः विकत घेत, आणि वर सांगत की विकतच्याला चव जास्त असते.

घरात मात्र त्यांचा रुबाब होता. मासा कुठलाही असो, डोकं टिपणिसांच्या ताटात जायचं. डोक्यातली गंमत शेवटच्या हाडापर्यंत चोखून घ्यायला अर्धा तास लागे, आणि तो अर्धा तास घरात कुणी बोलत नसे. मधले तुकडे मुलांना आणि पाहुण्यांना. शेवटी चारुलताबाई बसत आणि शेपटी घेत. कुणी आग्रह केलाच तर म्हणत, "मला शेपटीच आवडते." टिपणिसांना याचं कौतुक वाटे. आवडीनिवडी इतक्या बेमालूम जुळलेलं जोडपं त्यांच्या पाहण्यात दुसरं नव्हतं.

तर, साल पंच्याऐंशी. लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. दोन्ही मुलं नोकरीनिमित्त बाहेरगावी. टिपणिसांनी मोठ्या मनानं विचारलं, "तुला काय हवं?" त्यांच्या मनात नारायणपेठी होती. चारुलताबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "उरणला किनाऱ्यावर नवीन हॉटेल झालंय. मला तिथं समुद्राकडे तोंड करून खुर्चीत बसायचंय. दुसऱ्या कुणी केलेला मासा, दुसऱ्या कुणी वाढलेला, गरम असताना खायचाय. आणि मधे एकदाही उठायचं नाही."

टिपणिसांना वाटलं, एवढंच? आणि ते हो म्हणून बसले.

हॉटेलचं नाव गल्फ व्ह्यू. मालक इद्रीसशेठ तिथल्याच किनाऱ्यावरचे, बारा गावचं पाणी पिऊन कुवेतहून परतलेले. उरणहून गल्फ कसं दिसेल, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, "दुपारनंतर या, हवा साफ असते." वेताच्या खुर्च्या, पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, समुद्राच्या बाजूला भिंतच नाही, नुसती काच. सोसायटीत जो तो त्या हॉटेलबद्दल बोलत होता, कारण अजून कुणी तिथं गेलेलं नव्हतं.

रात्री अंथरुणावर पडल्यावर टिपणिसांच्या लक्षात आलं की आपण काय कबूल केलंय. हॉटेलातला मासा. म्हणजे कुणा परक्यानं निवडलेला. त्याचा कल्ला कुणी पाहिला? पोट कुणी दाबलं? टिपणिसांच्या रौप्यमहोत्सवाला टिपणिसांच्या ताटात कालचा मासा, ही कल्पनाच त्यांना सोसेना.

सकाळी त्यांनी हा पेच शेजारच्या अरविंद जोशींपुढे ठेवला. जोशी सोसायटीचे सेक्रेटरी. जन्मात त्यांनी मासा खाल्ला नव्हता, त्यामुळे माशावर त्यांची मतं फार पक्की होती. "हॉटेलात आठ-आठ दिवसांचा बर्फातला देतात," जोशी म्हणाले. "मी असतो तर आपला घेऊन गेलो असतो. शिजवणावळ देऊन टाकायची. गिरणीत आपण आपलंच दळण नेतो की नाही?"

या गिरणीच्या दाखल्यानं टिपणिसांचे डोळे उघडले. ते हॉटेल त्यांना एकदम गिरणीसारखं सोपं वाटू लागलं.

वरच्या मजल्यावरच्या वैजयंतीबाईंनी जिन्यातूनच भर घातली. हॉटेलवाले कोकमाऐवजी चिंच वापरतात. तेव्हा कोकमाच्या आगळाची बाटली न्या. मसाला त्यांचा कसला, रंग नुसता, तेव्हा तोही आपला न्या. तांदूळ मात्र त्यांचा चालेल, पण चालेलच असं नाही. चारुलताबाई बघत होत्या. बाटली आली, पुडी आली, तांदळाची पिशवी आली.

"पोळपाट-लाटणं घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"भातच खायचाय आपल्याला," टिपणीस गंभीरपणे म्हणाले. टोमणा कळायला त्यांना नेहमीच दुसरा दिवस उजाडे.

जिताडा आणायला ते रविवारी पहाटेच करावे गावात नामदेवकडे गेले. नामदेवचं खाडीलगत तळं होतं. टिपणिसांनी तळ्यातला सगळ्यात देखणा जिताडा निवडला. नामदेवनं तो हातात तोलून विचारलं, "कोनच्या सायबाकडं न्यायचा हाय?"

"कुणाकडे नाही. आम्ही खाणार."

"तुमी?" नामदेवनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "येवडा मोटा?" मग तो समजून हसला. "ऱ्हाऊ द्या, नका सांगू. आमी कुनाला बोलनार नाय. पन काम मोटं दिसतंय."

आता एक अडचण अशी झाली की घरातल्या सगळ्यात मोठ्या पिशवीतही जिताडा मावेना. डोकं खाली घालून कोंबला तरी शेपटी वीतभर बाहेर राहिली. टिपणिसांनी तिच्याभोवती वर्तमानपत्र गुंडाळलं, ते पहिल्या पाच मिनिटांत भिजून पडलं. रविवारी सकाळी सफारी सूट घातलेले टिपणीस, मोरपिशी साडीतल्या चारुलताबाई आणि मधे ती उघडी शेपटी, अशी वरात एस.टी. स्टँडवर आली.

कंडक्टरनं प्रथम मासळी घेऊन गाडीत चढू द्यायला साफ नकार दिला. मग त्याची नजर शेपटीवर गेली. त्याचा आवाज खाली आला. "जिताडा आहे होय? आधी सांगायचं ना. कुठल्या साहेबांकडे?"

"आमच्याकडे," टिपणीस म्हणाले.

कंडक्टरनं हे उत्तर फारच मुत्सद्दी असल्यासारखी मान डोलावली आणि पुढची सीट रिकामी करून दिली. माशाला खिडकी मिळाली. मागच्या बाकावर चर्चा सुरू झाली की हे गृहस्थ कोण असावेत. एकानं सांगितलं, जमिनीची केस आहे. दुसरा म्हणाला, छे, पोराची बदली. तिसऱ्यानं पुढे वाकून टिपणिसांच्या कानात सल्ला दिला, "नुसता जिताडा नका देऊ, सोबत नारळ ठेवा. आमच्या भावोजींचं नारळानं झालं."

टिपणीस चिडून मागे वळले. "अहो, हा आमचा आहे. आम्ही स्वतः खाणार आहोत." सफारीतला माणूस स्वतःचा जिताडा स्वतः खातो, हे त्या रस्त्यावर कुणी ऐकलं नव्हतं. मग सगळे हसले. विनोदी माणूस आहे, असं ठरलं.

वाटेत एका तपासणी नाक्यावर गाडी थांबली. तिथला शिपाई काठी आपटत आत आला आणि शेपटी पाहून टिपणिसांना म्हणाला, "साहेब आज रजेवर आहेत. ठेवून जा, मी देतो." ही पिशवी वाचवायला टिपणिसांना पाच मिनिटं भांडावं लागलं आणि तिच्यावर सरळ मांडी घालून बसावं लागलं. सफारीची पँट तिथंच कामातून गेली. चारुलताबाई खिडकीबाहेर मिठागरं बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं की राग, हे टिपणिसांना कळलं नाही, आणि मासा असता तर कळलं असतं.

हॉटेल खरंच देखणं होतं. दारात बो लावलेला पोपट नावाचा वेटर उभा होता. त्यानं चारुलताबाईंना लवून नमस्कार केला, मग शेपटी पाहिली आणि टिपणिसांना हळूच म्हणाला, "साहेब, जिताडे मागून."

"मी गिऱ्हाईक आहे," टिपणीस म्हणाले.

"हो हो, सगळे तसंच सांगतात. मागून."

अशा रीतीनं पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नंदकिशोर टिपणीस एका उंची हॉटेलात शिरले ते कोंबड्यांच्या खुराड्याशेजारच्या दारानं. आत धावपळ चालू होती. इद्रीसशेठच्या कपाळावर घाम होता, कारण परवाना खात्याचे नवे साहेब रविवार असूनही त्याच दुपारी हॉटेल बघायला यायचे होते आणि हॉटेल अजून तात्पुरत्या परवानगीवर चालू होतं. साहेबांनी मान डोलावली तर हॉटेल राहणार, नाही तर कुवेतची सगळी कमाई समुद्रात. त्या गडबडीत समोर एक सफारीवाला आणि त्याच्या हातात हातभर जिताडा. इद्रीसशेठना वाटलं, गावातल्या कुणा भल्या माणसानं आपली इज्जत राखायला पाठवला.

"हा छान शिजवायचा," टिपणीस म्हणाले.

"शिजवायचा म्हणजे? असा शिजवतो की खाणारा नाव काढील."

"मसाला आमचा. आगळ आमचं."

"तुमचं सगळं आपलंच आहे," इद्रीसशेठ भारावून म्हणाले आणि त्यांनी टिपणिसांचे दोन्ही हात दाबले. "उपकार विसरणार नाही."

शिजवणावळ देऊन मासा शिजवणं हा उपकार कसा, असा प्रश्न टिपणिसांना पडायला हवा होता. पण पहाटेपासून पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचा मान ठेवला होता. ते तरंगत बाहेर आले.

चारुलताबाई काचेजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. समुद्र होता, पण ओहोटी असल्यानं जरा लांब गेला होता. मधे नुसता चिखल आणि त्यात एक बगळा. "येईल," चारुलताबाई म्हणाल्या. "आपल्याला कुठे घाई आहे?" त्यांनी पाय जुळवले, हात मांडीवर ठेवले आणि पुन्हा समोर बघू लागल्या. इतक्या स्वस्थ बसलेल्या त्यांना टिपणिसांनी लग्नाच्या फोटोनंतर पाहिलं नव्हतं.

थोड्या वेळानं शेजारच्या टेबलावर परवाना साहेब येऊन बसले. किडकिडीत, कडक इस्त्रीचे. त्यांनी भात आणि तळलेले बोंबील मागवले. आणि मग आतून पोपट आला. हातात पितळेची लांबलचक तबकडी, तिच्यात अख्खा जिताडा, वर कांद्याच्या चकत्या, कडेनं वाफ. टिपणिसांनी नॅपकिन गळ्यात खोचला. तबकडी जवळ आली. टिपणिसांनी पाण्याचे पेले सरकवून जागा केली. तबकडी त्यांच्या नाकासमोरून पुढे गेली आणि साहेबांच्या टेबलावर उतरली.

टिपणिसांनी मासा ओळखला. शेपटीचं टोक नाक्यावर त्यांच्याच मांडीखाली मुरगळलं होतं, ते तसंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरून एक जिताडा साहेबाकडे गेला होता, आणि तोही त्यांना न विचारता.

"जाऊ दे," चारुलताबाई हळू म्हणाल्या. "बोंबील मागवू. तेही दुसऱ्यानंच केलेले असतील."

पण शेजारी भलतंच सुरू झालं होतं. साहेबांनी हात न लावता तबकडी लांब सारली. "हे मी मागवलं नव्हतं. शेठ, हा जिताडा कुणाचा?"

इद्रीसशेठ आतून धावत आले.

"मी या जिल्ह्यात आल्यापासून माझ्या दारात रोज जिताडा येतो," साहेब थंडपणे बोलत होते. "मी रोज परत पाठवतो. त्यापायी घरी बायको माझ्याशी धड बोलत नाही, तिला फार आवडतो. आणि आज इथं तपासणीला आलो तर आधी हा हजर. तुम्ही आणलात? तसं असेल तर परवान्याचं विसरा."

इद्रीसशेठचा चेहरा टेबलक्लॉथसारखा झाला. "कसम से साहेब, मी नाही आणला," ते म्हणाले. "एक गृहस्थ मागच्या दारानं घेऊन आले." आणि त्यांचं बोट नको तिथं वळलं.

आता इथं टिपणिसांची अवस्था लक्षात घ्या. सरकारी नोकर. निवृत्ती तोंडावर. मासा आपला म्हणावं तर तपासणीच्या साहेबाला जिताडा चारल्याचा आळ. नाही म्हणावं तर मासा गेला, इद्रीसशेठ गेले, आणि मुख्य म्हणजे ती दुपार गेली. जोशी असते तर म्हणाले असते, गप्प बसा. टिपणिसांनी चारुलताबाईंकडे पाहिलं. त्यांनी मांडीवरचा हात उचलून टेबलाच्या कडेवर ठेवला होता. म्हणजे त्या उठणार होत्या. आता सावरायला, समजवायला, निस्तरायला, नेहमीसारखं त्याच उठणार होत्या.

"तू बस," टिपणीस म्हणाले आणि स्वतः उठले. गळ्यातला नॅपकिन काढायचा राहिला.

"मासा माझा आहे," ते साहेबांना म्हणाले. "मी निवडला, मी पिशवीतून आणला, त्याच्यासाठी नाक्यावर भांडलो. यात या शेठचा काही दोष नाही. पण साहेब, तो तुमच्यासाठी नाही. तो हिच्यासाठी आहे. हिनं पंचवीस वर्षं सगळ्यांना वाढलं. आज ती बसणार आहे आणि तिला कुणीतरी वाढणार आहे, असं ठरलंय. तेवढं ठरल्याप्रमाणे होऊ द्या, मग माझी काय चौकशी करायची ती करा."

साहेबांनी त्यांना निरखलं. "नोकरी?"

"सरकारी."

"खातं?"

टिपणिसांनी गळ्यातला नॅपकिन सारखा केला. "आकडेवारी."

साहेबांच्या चेहऱ्यावरची इस्त्री जरा मोडली. "आकडेवारी," ते म्हणाले. "मग प्रश्नच मिटला. आकडेवारीच्या माणसाचं माझ्याकडे काय काम असणार?"

"आमचं कुणाकडे नसतं, आणि कुणाचं आमच्याकडे नसतं साहेब," टिपणीस म्हणाले, आणि नोकरीत पहिल्यांदाच ही गोष्ट त्यांनी अभिमानानं सांगितली.

साहेब उठले. त्यांनी ती तबकडी दोन्ही हातांनी स्वतः उचलली आणि चारुलताबाईंच्या समोर आणून ठेवली. त्या मुलखात आजवर जिताडे लोकांकडून साहेबांकडे गेले होते. साहेबाकडून लोकांकडे आलेला तो पहिला. मागे खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले, कारण लोक बघायला उभे राहिले होते. टिपणिसांची छाती सफारीच्या बटणांना झेपेना.

पोपटनं सुरी-चमचा घेऊन तुकडे केले आणि अदबीनं विचारलं, "डोकं कुणाला?"

टिपणिसांनी सवयीनं ताट पुढे केलं.

"बाईंना, अर्थात," साहेब म्हणाले आणि आपल्या बोंबलांकडे परत गेले.

डोकं चारुलताबाईंच्या ताटात गेलं. आता त्या ते आपल्याकडे सरकवतील म्हणून टिपणीस थांबले. चारुलताबाईंनी बांगड्या मागे सारल्या, डोकं दोन्ही हातांनी उघडलं आणि खायला सुरुवात केली. सावकाश. एकेक हाड. मधे एकदा त्यांनी डोळे मिटले. बाहेर भरती लागली होती, बगळा उडून गेला होता, पाणी चिखलावरून काचेच्या दिशेनं चढत होतं. अर्धा तास कुणी बोललं नाही.

"मीठ बरोबर आहे," शेवटी त्या म्हणाल्या. वैजयंतीबाईंनी सुचवलेली मसाल्याची पुडी आतून न उघडताच परत आली होती, हे टिपणिसांना दिसत होतं, पण ते बोलले नाहीत. बोलायला त्यांच्या मनात दुसरंच होतं.

"तुला शेपटी आवडते ना?"

"डोकं कधी खाल्लंच नव्हतं," चारुलताबाई म्हणाल्या आणि बोटं चाटली. "आणखी भात सांगा त्याला."

टिपणिसांनी भात सांगितला आणि शेपटी आपल्या ताटात ओढली. मांस इतकुसं, करपलेली कड आणि काटेच काटे. ते बराच वेळ त्या शेपटीकडे बघत राहिले.

पुढे इद्रीसशेठना परवाना मिळाला. सोसायटीत या प्रकाराची कथा टिपणिसांनी इतक्यांदा सांगितली की साहेबांनी तबकडी डोक्यावर घेतली होती इथपर्यंत ती गेली. जोशी म्हणाले, सल्ला कुणाचा होता ते विसरू नका. आणि दर वेळी कथा संपवताना टिपणीस मान ताठ करून सांगत, "आमची ही एकदाही उठली नाही."

पुढच्या रविवारी घरी सुरमई होती. टिपणिसांनीच आणलेली, त्यामुळे त्या दिवशीचीच. मुंबईहून त्यांचे मामेभाऊ जेवायला आले होते. चारुलताबाईंनी पातेलं आणून ठेवलं आणि सवयीनं डोकं टिपणिसांच्या ताटाकडे नेलं. टिपणिसांनी ताटावर हात आडवा धरला, त्यांच्या हातातून पळी घेतली, डोकं रिकाम्या पाटासमोरच्या ताटात वाढलं आणि म्हणाले, "बस तू आधी."

"अरे, मग तुला काय?" मामेभावानं विचारलं.

टिपणिसांनी तळाशी पळी घालून शेपटी शोधून काढली.

"मला शेपटीच आवडते," ते म्हणाले.